देवळाबाहेरचे मास्तर

मला अक्षरओळख झाली ती आमच्या गावाच्या आडमुठेपणामुळं. एरवी पाटलाच्या सुनेला वाचायला शिकवायचं धाडस त्या काळी आमच्या खोऱ्यात कुणी केलं नसतं. गावानं केरबा मास्तरांना देवळाबाहेर उभं केलं नसतं, तर त्यांचा आवाज आमच्या चुलीपर्यंत पोचला नसता, त्यांचा फळा आमच्या ओसरीवरून दिसला नसता, आणि आज मी हे लिहीत बसले नसते. तेव्हा आधी गावाचे आभार मानते आणि मग मास्तरांकडे वळते.

आमचं गाव वेल्ह्याच्या खोऱ्यात, तेव्हाच्या भोर संस्थानात. माझं माहेर उत्रोली, म्हणजे भोरच्या अगदी शेजारी. त्यामुळं लग्नानंतर बरेच दिवस मला राजधानीतून उचलून रानात आणून टाकल्यासारखं वाटायचं. गावात शाळा होती, पण शाळेला घर नव्हतं. ती मारुतीच्या देवळात भरायची. एका अंगाला मारुती, दुसऱ्या अंगाला पोरं, आणि गुरव नैवेद्य घेऊन आला की पाढे थांबायचे. आमचं घर देवळाच्या बरोबर समोर. मधे मोकळं अंगण आणि अंगणाच्या कडेला पिंपळ.

मास्तर काही टिकत नसत. एक पावसाला भिऊन गेला, एक जळवांना भिऊन गेला आणि एक माझ्या सासऱ्यांना. सासरे गावचे पाटील. आम्ही सुना त्यांना मामंजी म्हणत असू, तेही दाराआडून. शेवटी संस्थानाकडून निरोप आला की आता एकच मास्तर पाठवतो, तोही गेला तर शाळा नदीपलीकडच्या वाडीला देऊ. नदीपलीकडच्या वाडीशी आमच्या गावाचं वैर होतं. ते कशावरून सुरू झालं हे कुणाला आठवत नव्हतं, पण पाळायचे मात्र सगळे अगदी नेमानं. शाळा बुडाली तरी चालेल, पण ती तिकडं जाता कामा नये, यावर गावाचं एकमत होतं.

आणि केरबा मास्तर आले. ऐन उन्हाची वेळ. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, काळी टोपी, आखूड धोतर आणि बगलेत छत्री. नसरापुरापासून चालत आले होते. एवढ्या उन्हात छत्री उघडली का नव्हती, असं नंतर कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "छत्री पावसाची आहे. उन्हात वापरली की रंग उडतो." माणूस उंचीनं बेताचा, अंगानं काटक आणि बोलणं इतकं सावकाश की समोरच्याला वाटावं, यांचं वाक्य संपेपर्यंत आपण एक खेप पाणी आणू.

मामंजी खूष झाले. "या मास्तर, बसा," म्हणाले आणि आत पाण्यासाठी हाक मारली. मी पितळी तांब्या दारापर्यंत नेला, तो मामंजींनी स्वतः घेऊन मास्तरांपुढं धरला. मास्तरांनी तांब्याकडं पाहिलं. ओठ सुकलेले, कपाळावरून घाम ओघळत होता. पण हात काही पुढं केला नाही.

"पाटील, आधी एक सांगतो," ते म्हणाले. "मी महारवाड्यातला. किकवीकडचा. पाणी प्याल्यावर सांगितलं, तर तुमच्या तांब्याची पंचाईत होईल."

मामंजींचा हात पुढं केलेला तसाच राहिला. तांब्या पुढंही नेववेना आणि मागंही घेववेना. शेवटी सासूबाई आतून म्हणाल्या, "अवो, हात भरून यील. खाली तरी ठेवा त्यो."

तांब्या खाली ठेवला गेला, मधोमध, कुणाचाच नसल्यासारखा. मास्तर अंगणात उतरले, पिंपळाखालच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "तुमचा विचार होऊ द्या. घाई नाही. मी आहे इथंच."

'मी आहे इथंच' हे त्यांचं पालुपद पुढं गावानं इतक्या वेळा ऐकलं की काहींना त्याची धडकीच भरायला लागली. भांडणारा माणूस परवडतो, कारण तो दमला की जातो. हा भांडतही नव्हता आणि जातही नव्हता.

त्या दिवशी पंच देवळात बसले. मास्तरांना परत पाठवावं तर शाळा नदीपलीकडं जाणार. आत घ्यावं तर मारुती बाटणार. खूप खल झाल्यावर तोड निघाली, ती अशी की पोरं देवळात बसतील आणि मास्तर अंगणात उभे राहून शिकवतील. वर पंचांनी बजावलं, "शिकवायचं. पर पोरांना शिवायचं न्हाई."

मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. "मग महारवाड्यातली मुलं कुठं बसतील?"

"ती कशाला याला पायजेत?"

"शाळा संस्थानची आहे. देवळात बसायचं नसेल तर ती माझ्याजवळ बसतील. मी बाहेरच आहे की."

अंगण काही देवळात मोडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सखू नावाची एक मुलगी आणि तिचे दोघे भाऊ येऊन मास्तरांच्या पायाशी बसले. देवळाची शाळा तेवढ्यावर दुप्पट मोठी झाली, अंगणासकट.

बोलताना गावाची वेगळीच अडचण झाली. मास्तर म्हणून 'अहो' म्हणावं की महारवाड्यातला म्हणून 'अरे'? पहिले काही दिवस लोकांनी "चाललंय का?", "झाली का सुट्टी?" असं माणूस वगळूनच बोलून काढले. मास्तर मात्र सगळ्यांना 'अहो' म्हणत, दोन यत्तांतल्या शेंबड्या पोरांनाही. "अहो भागोजीराव, नाक पुसा आणि एकोणीसचा पाढा म्हणा." पोरं नाकं पुसायला लागली, याचं आयांना फार नवल वाटलं.

आता छडीची हकीकत सांगते. शिवायचं नाही म्हटल्यावर मारता कसं येणार? हे पंचांच्या डोक्यात आलंच नव्हतं. पोरांच्या मात्र पहिल्या सकाळीच आलं. गावात बातमी फुटली की नवा मास्तर मारू शकत नाही, आणि जी पोरं शाळेच्या नावानं करवंदीच्या जाळीत लपायची, ती उजाडताच देवळात येऊन बसायला लागली. देऊळ भरून गेलं. गुरवाला मारुतीपर्यंत जायला वाट उरेना.

पोरं खूष आणि बाप हवालदिल. वरच्या धनगरवाड्यातला धाकलू एक दिवस आपल्या भागोजीला बखोटीला धरून खाली आला. भागोजी म्हणजे वर ज्यांना अहो म्हटलं तेच. धाकलू लांब उभा राहून म्हणाला, "मास्तर, ह्याला जरा हाणा. मेंढरामागं धाडावं तर मेंढरं हरवतंय, साळंत धाडावं तर हसत घरी येतंय. न मारता साळा शिकल्याचं म्या न्हाई ऐकलं कुठं."

"मला शिवायची मनाई आहे, धाकलूबुवा."

"हातानं नगा. छडीनं हाणा. छडी लाकडाची."

यावर तिथंच चर्चा सुरू झाली. गुरवानं निकाल दिला की सुक्या लाकडातून विटाळ जात नाही, ओल्या फांदीतून जाऊ शकतो. कुणी म्हणालं, काठी टोकाला धरली तर? धाकलूनं आपली स्वतःची काठी पुढं केली, चांगली वाळलेली, तेल पाजलेली. सगळे मास्तरांकडं पाहायला लागले. भागोजी रडायच्या बेतात आला.

मास्तरांनी काठी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि फळ्याला टेका म्हणून लावली. "फळा सारखा घसरत होता," म्हणाले. मग धाकलूकडं वळून सावकाश बोलले, "मीही असाच बाहेर बसून शिकलो. आमचे मास्तर मला शिवत नसत. मी चुकलो की खडे मारायचे. खड्याला विटाळ नसतो. नेम चांगला होता त्यांचा. तेव्हाच ठरवलं होतं की ज्याला हात लावता येत नाही, त्याला मारायचंही नाही."

"आन हात लावायला मिळाला तर?"

"मग तर मारायचं कारणच उरणार नाही."

धाकलूला ते काही पटलं नाही, पण काठी परत मागायचं त्याला सुचलं नाही. ती फळ्यालाच राहिली. भागोजी त्या दिवशी एकोणीसचा पाढा न चुकता म्हणाला. भीतीनं म्हणाला की उपकार वाटून, कोण जाणे.

बाहेरून आत ऐकू जायचं, तर मास्तरांना ओरडून शिकवावं लागे. एरवी कुजबुजल्यासारखं बोलणारा हा माणूस सकाळ झाली की खणखणीत आवाजात पावकी-निमकीपासून साडेतीनच्या औटकीपर्यंत पाढे सुरू करायचा. सगळी आळी पाढे शिकली. आमच्या सासूबाई जात्यावर बसल्या की पूर्वी ओव्या म्हणायच्या, त्या आता दिडकी म्हणायला लागल्या. जात्याची फेरी आणि पाढ्याची ओळ बरोबर जुळते, असं त्या शेजारणींना सांगायच्या. एकदा मामंजी जेवताना भाताच्या पायल्यांचा हिशेब करत अडखळले, तर या चुलीजवळून म्हणाल्या, "सात सवायं पावणेनऊ." मामंजींचा घास हातातच राहिला.

मला पाढ्यांपेक्षा अक्षरांची ओढ. फळा पिंपळाच्या बुंध्याला टेकलेला असायचा, देवळाकडं तोंड करून. आमच्या ओसरीवरून त्याची एक कडा तेवढी दिसायची. ओसरी सारवायचं काम माझं. ओल्या शेणावर मी बोटानं ती अक्षरं काढून पाहायची, आणि कुणाची चाहूल लागली की वरून हात फिरवायची. सासूबाईंनी एकदा पाहिलं. "ह्ये काय गं?" "नक्षी," म्हटलं. "उलटी आलीया तुजी नक्षी," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांचंही लक्ष फळ्याकडं होतं तर.

मास्तरांनी मला पाहिलं होतं का, मला माहीत नाही. पाटलाच्या घराकडं त्यांनी चुकूनही कधी मान वर करून बघितलं नाही. पण फळा मात्र हळूहळू फिरायला लागला. आज थोडा, चार दिवसांनी आणखी थोडा. पावसाळा तोंडावर आला तेव्हा तो देवळाला अर्धा आणि आमच्या ओसरीला अर्धा दिसत होता, आणि अक्षरं पहिल्यापेक्षा मोठी झाली होती. आत बसलेली पोरं माना वाकड्या करून वाचायची. गावात एवढे डोळे होते, पण हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस येतो तो मुक्कामालाच. गावाला वाटलं, मास्तर आता सुट्टी देतील, किंवा गेल्या मास्तरासारखे पळतील. मास्तरांनी छत्री उघडली, सखूला आणि तिच्या भावांना तिच्याखाली घेतलं, आणि स्वतः भातलावणीत बायका घालतात तसलं इरलं डोक्यावर घेऊन उभे राहिले. पंचांना थोडी लाज वाटली. त्यांनी ठरवलं की मास्तरांनी देवळाच्या वळचणीला यायला हरकत नाही, पागोळ्या पडतात तिथपर्यंत.

"आणि मुलं?" मास्तरांनी विचारलं.

"मुलांचं कशाला काढताय? तुमी या."

"ती भिजणार असतील तर मी तिथं उभा राहून काय करू? राहू द्या. मी आहे इथंच."

पावसाच्या आवाजात त्यांचा आवाज देवळापर्यंत पोचेना. खडूनं लिहिलेलं वाक्य संपायच्या आत वाहून जाई. आतली पोरं काही वेळ ताटकळली, मग मारामाऱ्या करायला लागली. एका सकाळी भागोजी उठला, अंगावरची घोंगडी डोक्यावर घेतली आणि बाहेर येऊन सखूच्या शेजारी चिखलात बसला. "आत ऐकू येत न्हाई," म्हणाला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आली. मग घराघरातली इरली सकाळी गायब व्हायला लागली, आणि लावणीला निघालेल्या बायका पोरांच्या नावानं बोटं मोडायला लागल्या. अंगणात इरल्यांची रांग, जशी कासवं बसावीत. देवळात कोरडा राहिलेला एकटा मारुती. माझ्या थोरल्या दिरांचा तुका तेवढा आत असायचा, कारण बापाची सक्त ताकीद होती.

या थोरल्या दिरांचं नाव आनंदा. नाव आनंदा, पण माणूस सदा धुमसत असायचा. पाटलाच्या दारासमोर आपली पोरं महारवाड्याच्या पोरांना खेटून बसतात, हे त्यांना सहन होईना. एका दुपारी शाळा सुटल्यावर दोन सोबती घेऊन ते पिंपळापाशी मास्तरांना आडवे झाले. मी आणि सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होतो. आमच्या डोळ्यांदेखत झालेलं सांगते.

"मास्तर, पोरांना आत घाला," भाऊजी म्हणाले.

"मलाच आत जाता येत नाही. मी त्यांना कसं घालू?"

"मंग गाव सोडा."

"ते जमायचं नाही."

भाऊजी हात उगारून पुढं झाले. मास्तरांनी टोपी काढली, छत्री मिटली, दोन्ही दगडावर नीट ठेवल्या. मग काळजीच्या सुरात म्हणाले, "हातानं मारू नका, आनंदराव. शिवाल. मग या पावसात अंघोळ करावी लागेल, आणि तुमच्या छातीत आधीच कफ आहे. तुका सांगत होता."

सोबत्यांपैकी एक फिसकन हसला. तो हसला नसता तर कदाचित निभावलं असतं. भाऊजींनी फळ्याचा टेका ओढून काढला, धाकलूची तीच वाळलेली काठी, आणि मास्तरांच्या उजव्या दंडावर हाणली. आवाज आमच्यापर्यंत आला. फळा चिखलात पडला. मास्तर खाली बसले. त्यांनी हात वर केला नाही, शिवी दिली नाही, कुणाला हाक मारली नाही. चेहरा पांढरा पडला होता. जरा वेळानं डाव्या हातानं टोपी घातली आणि उठले.

"तुकाला उद्या सत्तावीसचा पाढा आहे," ते भाऊजींना म्हणाले. "तेवढा घोकून घ्या."

मला दिरांचा राग आला तो आलाच, पण खरं सांगायचं तर मास्तरांचाही आला. एवढं सोसून माणूस पाढ्याचं काय बोलतो? मी रडत होते. सासूबाईंनी तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि त्या दिवशी भाऊजींना जेवायला वाढलं नाही. "जा, पाढं म्हणत बस," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव काहीबाही कामं काढून अंगणाभोवती घुटमळत होतं. मास्तर येतात का, हे पाहायचं होतं. मास्तर आले. हात धोतराच्या पट्टीनं गळ्यात बांधलेला. सखूच्या भावांनी फळा पुसून उभा केला आणि मास्तरांनी डाव्या हातानं लिहायला घेतलं. अक्षर असं वेडंवाकडं आलं की पोरं खो खो हसली. मास्तरही हसले. "आजपासून मीही पहिलीत," म्हणाले. तेवढ्यात देवळातून तुका बाहेर आला. डोक्यावर काही न घेता सखूपलीकडं बसला आणि सत्तावीसचा पाढा ओरडून म्हणायला लागला. बाप ओसरीवर उभा होता. पाढा मधेच चुकला. मास्तर म्हणाले, "अहो तुकाराम, पुन्हा." तो पुन्हा पहिल्यापासून म्हणाला.

याच आठवड्यात शाळा तपासायला संस्थानचे दिपोटी आले. घोड्यावरून उतरले ते थेट देवळात शिरले. आत मारुती, आणि खांबाला टेकून झोपलेला गुरव. "शाळा कुठं आहे?" त्यांनी विचारलं. "भाईर हाय," गुरव डोळे न उघडता म्हणाला. दिपोटी दारात येऊन पाहतात तर पावसात इरली वाचत होती. त्यांनी कोरड्यात उभं राहून परीक्षा घेतली. पोरांनी पाढे धडाधड म्हटले. एका प्रश्नाला कुणाला उत्तर येईना, ते आमच्या जात्यावरून आलं. दिपोटींनी इकडंतिकडं पाहिलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

मग त्यांचं लक्ष गळ्यातल्या हाताकडं गेलं. "हाताला काय झालं, मास्तर?"

मामंजी मान खाली घालून उभे होते. भाऊजी त्यांच्या मागं. मास्तरांनी एक शब्द उच्चारला असता तर पाटलाच्या पोराला भोरच्या कचेरीत उभं राहावं लागलं असतं, आणि आमची पाटीलकीही धोक्यात आली असती.

"साहेब," मास्तर म्हणाले, "पडलो असं सांगितलं तर खोटं होईल. खरं सांगितलं तर ते इथं बसलेल्या एका मुलाला ऐकावं लागेल. तुम्ही भूगोल विचारा."

दिपोटींनी भूगोल विचारला. पण जाताना मामंजींना म्हणाले, "पाटील, महिनाअखेर पुन्हा येतो. मास्तर आणि सगळी मुलं एका छपराखाली दिसली पाहिजेत. नाहीतर शाळा नदीपलीकडं, आणि मास्तरही तिकडंच."

पंच पुन्हा बसले, या खेपेला आमच्या ओसरीवर. देऊळ उघडायला कुणी तयार नव्हतं. मामंजी अंगणात उभ्या मास्तरांना म्हणाले, "मास्तर, तुमीच बदली मागून घ्या. तुमाला बी तरास, आमाला बी."

"मी गेलो तर सखूला कोण शिकवील?"

"त्ये बगू पुढं."

"मग तेव्हा बघून जाईन," मास्तर म्हणाले. "तोवर मी आहे इथंच."

तेव्हा सासूबाई दारात आल्या. पंचांसमोर बाई आली म्हणून सगळे चुळबुळले. त्या कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "आपला गोठा मोकळा करा. साळा तिथं भरल."

"गोठ्यात? आन महारवाड्याची पोरं?"

"गोठा दरसाल शाकारतंय कोण? महारच की. आडं, वासं, समदं त्येंच्या हातचं. तवा न्हाई बाटला त्यो?"

गुरव घसा खाकरून म्हणाला, "पाटलीणबाई, गोठ्यात गाय हाय. गाय म्हंजी..."

"गाय गप हाय. तिच्यावतीनं तुमी नगा बोलू. आन म्हशींनी कवा कुणाची जात इचारली?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पावसात मला औटकी ऐकू येत न्हाई. अर्दी राहिलीया."

मामंजींनी भाऊजींकडं पाहिलं आणि म्हणाले, "आनंदा, शेण काढ." त्या एका वाक्यात न्यायनिवाडा झाला असं मी समजते. भाऊजींनी दोन दिवस खपून गोठा साफ केला. गुरं आमच्या ओसरीवर आली, आणि तो सबंध पावसाळा भाऊजींची पथारी म्हशीच्या शेजारी होती. कफ मात्र बरा झाला, उबेनं असेल.

गोठ्यातला पहिला दिवस. पोरं आत जाऊन बसली, सखू पुढच्या ओळीत. आणि मास्तर सवयीनं बाहेरच, पावसात इरलं घेऊन दारासमोर उभे. तिथूनच ओरडून त्यांनी हजेरी सुरू केली. पोरं हसायला लागली. "मास्तर, आत या की," भागोजी म्हणाला. मास्तर थांबले. उंबऱ्याकडं पाहत राहिले. मग इरलं काढून भिंतीला लावलं, वहाणा काढल्या, टोपी नीट केली आणि आत पाऊल टाकलं. आतही बराच वेळ ओरडूनच शिकवत होते. फळा त्यांनी दाराच्या तोंडाशी ठेवला, ओसरीकडं थोडा तिरपा करून. सासूबाईंची औटकी पुरी झाली आणि माझी जोडाक्षरं.

एवढ्यावरून गाव शहाणं झालं असं कुणी समजू नये. छप्पर मिळालं, पाणी नाही. मास्तर पुढं बरीच वर्षं आमच्या गावात होते, पण रोज महारवाड्यातून आपली पाण्याची बाटली भरून आणत. आमच्या विहिरीला त्यांनी कधी हात लावला नाही आणि गावानं कधी म्हटलं नाही. तो पितळी तांब्या सासूबाई रोज घासायच्या. कधी कधी घासता घासता थांबायच्या. देऊळही तसंच राहिलं. पुढं मास्तरांची बदली झाली तेव्हा निरोपाला सगळी पोरं वेशीपर्यंत गेली, भाऊजी छत्री धरून बरोबर चालत होते. मास्तरांची छत्री, पण धरली भाऊजींनी होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भोरच्या बाजारात. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. सासूबाई थकल्या होत्या, पण त्यांना भोर पाहायचं होतं म्हणून मी माहेरी उत्रोलीला घेऊन आले होते. उन्हानं त्यांचा घसा सुकला. मोटारअड्ड्याजवळ एक पाणपोई दिसली, तिच्यावर नवी पाटी. पाटीपुढं माणसं उभी, त्यामुळं ती पुरती दिसेना.

"काय लिवलंय गं?" सासूबाईंनी विचारलं.

मी टाचा उंचावून वाचायला लागले. समोरचा एक माणूस मागं न बघता हातभर बाजूला सरकला. काळा कोट, बगलेत मिटलेली छत्री. मला पाटी आता पूर्ण दिसत होती, पण वाचवेना.

"वाच की," सासूबाई म्हणाल्या.

"हे पाणी सर्व जातीधर्मांच्या माणसांसाठी आहे," मी मोठ्यानं वाचलं.

"बरोबर," तो माणूस म्हणाला. अजूनही मागं न बघता.

सासूबाईंनी त्यांना आवाजावरूनच ओळखलं. पाणपोईवाल्यानं भरलेला पितळी तांब्या पुढं केला होता, बघून आमच्याच घरातला वाटावा असा. सासूबाईंनी तो स्वतः घेतला आणि दोन्ही हातांनी मास्तरांपुढं धरला. "मास्तर, तुमी आदी."

मास्तर वळले. खूप म्हातारे झाले होते. तांब्याकडं पाहिलं, मग सासूबाईंकडं. "तुम्ही दमलात, पाटलीणबाई. तुम्ही घ्या. मला घाई नाही. मी आहे इथंच."

"म्या बी हाय हितंच," सासूबाई म्हणाल्या.

दोघंही हलेनात. मागं रांग वाढली, कुणी खेकसलं की तांब्या एकच आहे, पाणपोईवाला म्हणाला लवकर आटपा. तांब्यातलं पाणी सासूबाईंच्या हातावर हिंदकळायला लागलं. मी धरायला पुढं झाले तर त्यांनी मला कोपरानं मागं सारलं. तेव्हा मास्तरांनी छत्री माझ्याकडं दिली, टोपी नीट केली आणि ओंजळ न करता, तांब्या हातात घेऊन, वरून धार धरून पाणी प्यायले.

मग तांब्या त्यांनी सासूबाईंना परत दिला. त्यांनी तो पुसला नाही, विसळला नाही. उरलेलं पाणी सावकाश पिऊन टाकलं.